सहा नंबरचं जाकीट

१

कौसाबाईनं सांगितलं होतं. मे महिन्यात, जिना पुसता पुसता, मानसुद्धा वर न करता.

"ताई, ती जाकिटं धुतली ना मी, त्यातली चार पाणी पितात. तीन दिस गच्चीवर निथळत होती. बाकीची चार दुपारच्याला कोरडीठक्क."

राजसीच्या कडेवर चिऊ होती, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी होती आणि चिऊच्या तोंडात बिस्कीट आहे की बाटलीचं बूच, हे बघण्यात तिचं सगळं लक्ष होतं. "कापड जाड असेल मावशी," असं म्हणून तिनं दार लावून घेतलं. वास्तविक राजसी म्हणजे गॅसचा कॉक दोनदा बघणारी, खिडकीची जाळी रोज हलवून बघणारी. इमारतीत तिच्या घाबरटपणाची चेष्टा व्हायची. पण नेमकं हेच तिच्या हातून निसटलं.

जाकिटं म्हणजे लाइफ जाकिटं. दोन वर्षांमागे बदलापूरच्या मांजर्लीत नदीचं पाणी तळमजल्याच्या खिडक्यांना लागलं आणि माणसं होडीतून बाहेर काढावी लागली. त्यानंतर सोसायटीनं आठ जाकिटं घेतली, उल्हासनगर कॅम्प दोनच्या चंदू शेठच्या दुकानातून. तिथे तंबू, दोर, डोक्याला लावायच्या बॅटऱ्या, कबुतरं उडवायची छऱ्याची बंदूक असं सगळं एकाच छताला टांगलेलं असतं. जिन्याखालच्या लोखंडी कपाटात आठ हुक केले, आठ जाकिटं लटकली, प्रत्येकावर मार्करनं नंबर पडला.

जुलैतल्या एका रविवारी कपाट उघडलं तर जाकिटं सात. कुलूप शाबूत. सहा नंबरच्या हुकवर जाकीट नव्हतं, पण हुक रिकामाही नव्हता. त्यावर दोन काळे पट्टे होते. नीट गुंडाळून, वर रबर लावून टांगलेले.

२

"चाव्या दोन," सोसायटीचे सेक्रेटरी आनंदाकाका मिटिंगमध्ये म्हणाले. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलेला माणूस. सुतळीचा तोडासुद्धा विचारल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही. "एक माझ्या घरात, देवघराशेजारच्या खिळ्याला. दुसरी गेटवर, धाकलूच्या टेबलात. आता मी काय माझ्याच कपाटात चोरी करणार?"

सगळ्यांच्या माना धाकलूकडे वळल्या. धाकलू वॉचमन. बारवी धरणाकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरचा. बायको तानी आणि वर्षाची लेक तिकडे, हा आठवडाभर इकडे.

"तुमच्याकडे मासे धरतात ना रे?" मागून कुणीतरी विचारलं.

"धरतात."

"मग झालं की!"

"माज्याकडं नाय ते," धाकलू म्हणाला. "आन् चोरलंय कोणी, तां पन नाय."

"म्हणजे? पाय फुटले त्याला?"

धाकलूनं जमिनीकडे बघितलं ते बघितलंच.

"माझ्याकडे कशाला बघताय सगळे?" दुसऱ्या मजल्यावरचा सुयोग भडकला. घरून काम करणारा, शनिवार-रविवार डोंगरात असणारा मुलगा. "माझं स्वतःचं आहे. सोसायटीचं घालून धबधब्याखाली उभा राहिलो तर पोरं हसतील मला."

"मागे तूच नेली होतीस. एकाची शिट्टी हरवून आणलीस."

"नवीन आणून दिली की काका! किती वर्षं काढणार आहात ती शिट्टी?"

भागीरथीकाकूंनी, म्हणजे सेक्रेटरीणबाईंनी, चहा आणला. पहिला कप त्यांनी धाकलूला दिला, दुसरा नवऱ्याला. आनंदाकाकांच्या ते लक्षात आलं नाही. राजसीच्या आलं.

"बुधवारपर्यंत मिळालं नाही तर एजन्सीला फोन करतो," काका म्हणाले. "दुसरा वॉचमन पाठवा म्हणून."

मिटिंग उठल्यावर राजसीनं ते काळे पट्टे सुयोगला दाखवले. "हे कशाचे रे?"

"हे पायांतून घेऊन पुढे अडकवायचे, वहिनी. हे नसले तर पाण्यात जाकीट वर सरकतं, पार कानाशी येतं. माहितगार माणूस हे काढणारच नाही."

पट्ट्यांची टोकं कापलेली नव्हती. टोकाशी सुईची भोकं एका ओळीत, अख्खी. कुणीतरी टाका टाका उसवून ते सोडवले होते. म्हणजे चोरानं जाकीट नेलं, निवांत बसून शिवण उसवली आणि नको असलेले पट्टे रबर लावून परत जागेवर आणून टांगले.

असला चोर राजसीनं कधी ऐकला नव्हता.

३

सोमवारी सकाळी नदी गढूळ झाली होती. राजसीनं काकांकडून चावी मागून सात नंबरचं जाकीट वर आणलं. वेळ आली तर चिऊला कडेवर घेऊन ते घालता येतं का, एकदा बघून ठेवावं एवढाच हेतू. जाकीट घातलं, पट्टा आवळला, चिऊला उचललं. चिऊनं तिच्या छातीशी गाल टेकला आणि पाचव्या मिनिटाला झोपून गेली.

राजसी उभीच राहिली. गेल्या वर्षी हाच प्रयोग केला तेव्हा चिऊनं रडून घर डोक्यावर घेतलं होतं.

तिनं फोन काढला. याच कंपनीचं जाकीट ऑनलाइनही मिळायचं. घेणाऱ्यांनी लिहिलेले अनुभव ती काहीही विकत घेण्याआधी वाचायची, तेही एक ताऱ्याचे आधी. मालवणच्या एकानं लिहिलं होतं, 'पाठीला पाट बांधल्यासारखं वाटतं.' नाशिकच्या एका बाईंनी लिहिलं होतं, 'वस्तू दणकट, पण मान वळत नाही.' कुणी लिहिलं होतं, 'वाकता येत नाही, बसता येत नाही, पण बुडताही येत नाही.' ती खाली खाली सरकत गेली आणि एका ठिकाणी तिला स्वतःचंच नाव दिसलं. 'दर्जा चांगला. पण फार कडक. मूल कडेवर असेल तर त्याच्या गालाला टोचतं. तीन तारे.'

पंचेचाळीस जणांनी आपापल्या शब्दांत एकच तक्रार केली होती. आणि तिचं पिल्लू तेच जाकीट उशाला घेऊन घोरत होतं.

तिनं अंगठ्यानं दाबून बघितलं. अंगठा आत गेला. काढल्यावर खड्डा सावकाश भरून आला, सोफ्याच्या गादीचा भरतो तसा.

चिऊला अंथरुणावर ठेवून, कौसाबाईला तिच्याजवळ बसवून ती गच्चीवर गेली. पाण्याच्या निळ्या पिंपात तिनं सात नंबरचं जाकीट टाकलं. ते तरंगलं. तिला बरं वाटलं. पाच मिनिटांनी ते कलंडलं. दहाव्या मिनिटाला फक्त कॉलर वर होती. पंधराव्या मिनिटाला पिंपात नुसतं पाणी दिसत होतं.

तिनं खालून दोन नंबरचं आणलं, विटका रंग, उडालेला. ते पिंपात टाकून वरून दोन्ही हातांनी दाबलं, तर ते तिच्याच कोपराला धक्का देऊन वर आलं.

एक ते चार विटकी. पाच ते आठ झगझगीत नारिंगी. तिनं पाच आणि आठ अंगठ्यानं दाबून बघितली. दोन्ही मऊ. आणि गेलं होतं सहा नंबरचं.

चोर कोण, हा प्रश्न तिच्यापुरता तिथेच मागे पडला. जो कोणी असेल तो आत्ता, या क्षणाला, कुठे आहे?

४

आनंदाकाकांच्या हॉलमध्ये बसून, ओलं जाकीट टीपॉयवर टाकून, तिनं चंदू शेठला व्हिडिओ कॉल लावला. शेठच्या मागे झोपायच्या पिशव्यांची चळत आणि एक गिऱ्हाईक दिसत होतं.

"बोला बेन. क्या तकलीफ है?"

"शेठ, तुमचं जाकीट पाण्यात बुडलं."

"अरे साईं, धंद्याच्या वेळी असं बोलू नका! गिऱ्हाईक उभं आहे इथे." शेठनं फोन डोळ्यांजवळ नेला. "साइडची शिलाई दाखवा. और पास. और. हां… हे कडेला दोरीसारखं गोल पायपिंग कुठून आलं? बेन, ये मेरा माल नहीं. म्हणजे पट्टे, बक्कल आमचं, पण पोट आमचं नाही. आमच्यात कडक फोम असतो, पाटीसारखा. त्याच्यात पाणी शिरतच नाही. हे तर सोफ्याचं काम आहे. खोललं कुणी?"

उत्तर आनंदाकाकांच्या चेहऱ्यावर होतं.

"उंदरांनी चार जाकिटांची कव्हरं कुरतडली होती," ते हळूहळू म्हणाले. "फेब्रुवारीत. शेठच्याच मागच्या गल्लीत सोफा रिपेअरवाला आहे, त्याच्याकडून नवी कव्हरं शिवून घेतली. तो म्हणाला, आतलं कडक झालंय. मी म्हटलं, बघ जरा मऊ करता आलं तर. तूच लिहिलं होतंस ना सोसायटीच्या ग्रुपवरपण, पोरांच्या गालाला टोचतं म्हणून?"

काकांनी कारागिराला फोन लावून स्पीकर चालू केला.

"साहेब, कव्हर बदलायला आलं की फोम आम्ही नवाच टाकतो," कारागीर अभिमानानं म्हणाला. "जुना दाबलेला परत भरला तर गिऱ्हाईक शिव्या घालतं. तुमचा तर पार लाकूड झाला होता! बेस्ट क्वालिटी टाकली मी. जास्तीचं काही मागितलं का तुमच्याकडे?"

"जुना कुठे आहे?"

"भंगारात गेला ना."

"असं अजून कुणाचं केलंस?" राजसीनं विचारलं.

"हो. तुमच्यासारखेच बारा पीस. उन्हाळ्यात एक माणूस टेम्पोत घालून आला होता."

"कोण माणूस?"

"मॅडम, सोफेवाल्याला नाव कोण सांगतं?"

५

फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "धाकलूला बोलावतो. आता त्याला सांगावंच लागेल कुठे ठेवलंय ते."

"धाकलूनं नेलेलं नाही, काका. सुयोगनंही नाही."

"कशावरून?"

"पट्ट्यांवरून." तिनं ते दोन पट्टे टीपॉयवर ठेवले. "पायांतून घ्यायचे पट्टे कुणाला नको असतात? जी साडी नेसते तिला. म्हणजे जाकीट एका बाईसाठी गेलं. ते पट्टे कोणी ओढून तोडले नाहीत, कापले नाहीत. सुईच्या टोकानं एकेक टाका उचललाय. गेटवरच्या खुर्चीत बसून, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर धाकलू हे करेल? आणि मग ते परत आणून ठेवले. का? चोर उरलेलं परत आणून ठेवत नाही, काका. घरची बाई ठेवते. वस्तू वाया जाऊ नये म्हणून. तिला कपाटाची भीती वाटत नाही, कारण चावी तिच्या देवघराशेजारीच असते."

आतल्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं. गोधडीचे तुकडे तसेच मांडीवरून ओच्यात धरून भागीरथीकाकू दारात आल्या.

"मी दिलं," त्या म्हणाल्या. "तानीला. मागच्या आठवड्यात टाकळ्याची भाजी घेऊन आली होती तेव्हा."

"मला विचारायचं नाही?" काका उठलेच.

"विचारलं असतं तर तुम्ही अर्ज मागितला असता. मग मिटिंग. मग ठराव. पाणी थांबतं का हो तुमच्या ठरावासाठी? मिटिंगमध्ये सांगणार होते, तर तुम्ही चोर चोर करून बसलात. धाकलूला सांगितलं, दोन दिवस गप्प राहा, यांचं डोकं शांत झालं की मीच सांगते. तो बिचारा माझ्यासाठी शिव्या खात बसला."

"काकू," राजसीनं मध्येच विचारलं, "तानीला कशाला लागलं ते?"

"धरणाच्या फुगवट्याच्या अलीकडे त्यांचा पाडा, पलीकडे शेतं. ड्रम बांधलेल्या तराफ्यावरून जातात. मागच्या महिन्यात तराफा कलला, एक बाई पडता पडता वाचली. तानी पोरीला पोटाशी बांधून जाते गं. मला झोप लागेना." त्यांनी टीपॉयवरच्या जाकिटाकडे बघितलं. त्यातून अजून पाणी गळत होतं, फरशीवर ओहोळ झाला होता. "हे असं का झालंय?"

राजसीनं पिंपातलं सगळं सांगितलं. काकू खिडकीकडे धावल्या.

त्यांनी धाकलूला गेटवरून वर बोलावलं. त्यानं ऐकलं आणि खिशातून फोन काढून लावला. लागला नाही. पाड्यावर रेंज नसायचीच.

"आज भाताची आवणी हाय," तो म्हणाला. "दोन वाजंला समद्या परत निंगतात."

घड्याळात एकला दहा कमी होती.

६

सुयोगनं काही न विचारता स्वतःचं जाकीट गाडीत टाकलं. चिऊ कौसाबाईकडे राहिली. गाडी आनंदाकाकांनी चालवली आणि एरवी चाळीसच्या वर न जाणाऱ्या त्या माणसानं खड्डे बघितले नाहीत. वाटेत कुणी कुणाला दोष दिला नाही. भागीरथीकाकू फक्त एकदा म्हणाल्या, "पट्टेसुद्धा मीच काढले."

पाण्याशी पोचले तेव्हा दोनला वीस कमी होती. फुगवटा रुंद नव्हता, मोठ्यानं बोललेलं पलीकडे जाईल एवढाच. पण वारा सुटला होता आणि बोललेलं जागच्या जागी विरत होतं. दोन्ही काठांवरच्या झाडांना वळसा घालून एक जाड दोर फिरवलेला, तराफा त्याच्या एका पदराला बांधलेला. तराफ्यावरच्या माणसानं दुसरा पदर ओढत ओढत पुढे यायचं, अशी रीत. पलीकडे चिखलात पाच बाया पाय धूत होत्या. एकीच्या अंगात झगझगीत नारिंगी होतं.

"तानेऽऽ!" धाकलू ओरडला. राजसी ओरडली. आनंदाकाकांनी दोन्ही हात वर करून जोरात हलवले, अंगातलं काढल्याची खूण केली, 'दे, दे' अशी.

तानीनं त्यांना बघितलं. सेक्रेटरीला ओळखलं. ती घाईघाईनं तराफ्यावर चढली.

"अगं, थांब!" राजसी किंचाळली. तानीनं दोर धरून जोरानं ओढायला सुरुवात केली. तिच्या पोटाशी बांधलेलं गाठोडं हललं. त्यातून एक लहान पाय बाहेर आला होता.

"तिला वाटतंय आपण जाकीट मागायला आलोय," भागीरथीकाकू म्हणाल्या. "चोरीचा आळ येईल म्हणून परत द्यायला धावतेय ती. तुम्ही हात खाली करा आधी!"

काकांचे हात खाली आले. तराफा पाच-सहा हात पुढे आला होता. जितकं ओरडावं तितकी ती घाई करत होती. धाकलूनं ओरडणं सोडलं. तो झाडाकडे धावला, बुंध्याला पाय लावून त्यानं दोर दोन्ही हातांनी आवळून धरला. तानीनं ओढला, दोर सरकला नाही. पुन्हा ओढला. तराफा जागच्या जागी डुलला. तिनं मान वर करून नवऱ्याकडे बघितलं.

धाकलूनं हळूच दोर उलट्या बाजूला सरकवायला सुरुवात केली. वीतवीत. पलीकडच्या बायांच्या ते लक्षात आलं. त्यांनी तिकडून ओढलं. तराफा मागे गेला आणि चिखलाला टेकला. एक बाई गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिनं आधी गाठोडं सोडवून घेतलं.

मग धाकलू सुयोगचं जाकीट घालून, काठाला बांधलेल्या दुसऱ्या, जुन्या तराफ्यावरून पलीकडे गेला आणि ते तानीला चढवून सगळ्यांना एकेक करून घेऊन आला. काठावर आल्यावर तानीनं सहा नंबरचं जाकीट, घडी घालून, आनंदाकाकांपुढे धरलं. ते ओलं होतं. काकांनी हातात घेतलं तेव्हा त्यांचा हात वजनानं खाली गेला.

"चोरलं नव्हतं बाबा," तानी म्हणाली. "काकूंनी दिलं व्हतं."

"माहीत आहे," काका म्हणाले. "तुला दुसरं देतो. दोन नंबरचं. कडक आहे, टोचेल, पण तेच घालायचं."

"आणि ठराव?" काकूंनी विचारलं.

काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. "मिटिंग नंतर घेऊ."

राजसी तानीच्या लेकीला घेऊन दगडावर बसली होती. पोरीला काही झालं नव्हतं. ती राजसीच्या ओढणीचं टोक चोखत होती. राजसीनं तिची बोटं मोजली. पुन्हा मोजली. आणि मग तिला कारागिराचं बोलणं आठवलं.

बारा.

७

चार जाकिटांचा हिशोब लागला होता. बाराचा नाही. राजसी मंगळवारी स्वतः कॅम्प दोनला गेली. कारागिरानं कान पकडले, भंगारवाल्याला विचारलं, आजूबाजूच्या चार दुकानांत विचारलं. टेम्पो पांढरा होता, माणूस मराठी बोलत होता, जाकिटं पोरांना पाण्यात उतरवायच्या कामाची आहेत असं म्हणाला होता. याच्या पलीकडे काही नाही. चंदू शेठनं जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. त्यातल्या कुणाचीही ती नव्हती.

संध्याकाळी तिनं बदलापूरच्या, अंबरनाथच्या, वांगणीच्या, जिथे जिथे तिला घेतलं होतं त्या सगळ्या ग्रुपवर एकच मजकूर टाकला. तो असा:

'उन्हाळ्यात उल्हासनगरला बारा लाइफ जाकिटांची कव्हरं बदलून घेतली गेली. आत चुकून सोफ्याचा फोम भरला आहे. दिसायला नवीन, झगझगीत नारिंगी, कडेला गोल पायपिंग. घालायला फार मऊ आणि सुखाची. पंधरा मिनिटांत बुडतात. मी स्वतः बघितलं आहे. ज्यांच्याकडे आहेत त्यांना हे माहीत नाही, आणि ते माझ्या ओळखीचे नाहीत. तुमच्या असतील. कुणाचा भाऊ पोरांना नदीवर कॅम्पला नेत असेल, कुणाचा भाचा धबधब्यावर लोकांना उतरवत असेल, कुणाच्या शेजारची बाई तराफ्यावरून शेतावर जात असेल. हे वाचून पुढे पाठवू नका. पुढे पाठवणं सोपं आहे. त्या एका माणसाला आत्ता फोन करा आणि विचारा, तू आज पाण्यावर आहेस का. फोन लागला नाही, तर कुणालातरी बघायला पाठवा.'